कुंकू लावलेली सीडी

आमच्या घरची सीडी शेवटच्या गाण्यात अडकायला लागली, ती सासूबाईंना लकवा मारला त्याच वर्षी. आधी एका जागी ठेचकाळून पुढे जायची. मग त्या जागेवर आली की प्लेअरमधून नुसती घरघर ऐकू यायची आणि टीव्हीचा पडदा निळा व्हायचा. तिथून पुढे गाणं नाहीच.

ते गाणं बांध्यांचं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या गावात ज्या दिवशी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपायचा त्या दिवशी चिखलात उभं राहूनच बाया ते गाणं म्हणत. धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो, आणि जुन्या गावात प्रत्येक बांधीला नाव होतं. आंब्याची, लहान तळ्याकाठची म्हणून बोडीकाठची, मोहाखालची, खोलगी. सासूबाई पुढे होऊन नाव घ्यायच्या, बाकीच्या बाया मागून झील धरायच्या, मग पुढची बांधी. गाव उठायच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या शाळेचे गुरुजी एक छोटं यंत्र घेऊन दिवसभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहिले आणि सगळी गाणी भरून घेतली. भंडाऱ्याहून त्यांच्या सीड्या करून आणल्या. गाणाऱ्या बाया अकरा होत्या, म्हणून सीड्या अकरा. सासूबाईंना आणि मला, माझ्या जावेला, सगळ्यांना एकेक. "गाव राहणार नाही, आवाज तरी राहू द्या," म्हणाले. आमच्या घरी दोन आल्या होत्या, त्यातली एक गाव हलवताना ट्रॅक्टरवरच कुठेतरी पडली. गुरुजी आता नाहीत. त्यांचं यंत्र कुठे गेलं ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नाही.

लकव्यात सासूबाईंचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, पण जिभेवर शब्द यायचा नाही. "हो", "नको" आणि "माय" एवढंच उरलं होतं. आणि बांध्यांची नावं. जेवण झालं की त्या पडवीत बसून डाव्या हाताची बोटं एकेक करून मुडपायच्या. "आंब्याची... बोडी... बोडीकाठची... मोहाखालची... खोलगी..." पाचवं बोट उभंच राहायचं. ओठ हलायचे, नाव यायचं नाही. मी नुसती झील धरणारी, पाचवं नाव मलाही आठवत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की त्या ते बोट दातात धरायच्या आणि डोळ्यांतून पाणी गळायचं.

आमचे हे एक दिवस त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि आठवतील ती नावं घेऊ लागले. "पाटाची काय वो माय? चिखली?"

सासूबाईंनी मान हलवली. नाही.

"मंग गोट्याची?"

त्यांनी रागानं तोंड फिरवलं. हे उठले. मला म्हणाले, "आपल्या घरच्या चार मले ठाऊक हाय. साऱ्या गावच्या बांध्या बायांलेच ठाऊक. रोज त्याच बांध्यांवर जाळं टाकून राहिलो मी, पन वरून पानीच दिसते."

हे मासेमारी करतात. धरणाच्या पाण्यात यांचा डोंगा जिथून जातो, तिथे खाली आमचा धान होता.

म्हणून त्या सीडीची मला घाई झाली. सासूबाईंचं वय झालेलं. दुसरा झटका आला तर ऐकायला त्याच नसतील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं नव्हतं, पण मला कळत होतं. मी सीडी पदरानं गोल गोल पुसली. कुणी सांगितलं म्हणून दात घासायची पेस्ट लावून पुसली. आधी शेवटचं गाणं अडकत होतं, आता त्याच्या आधीचंही अडकायला लागलं.

माझी मोठी जाऊ शेजारीच राहते. तिच्याकडे तिची सीडी मागायला गेले तर ती हसायलाच लागली.

"आमची सीडी आता नोकरीवर लागली वो. राघू राखते."

"मंजे?"

"धानात टांगली. चमकते ना, राघू येत नाही बिलकूल. तुह्या भासऱ्यापेक्षा बरं काम करते ते." भासरा म्हणजे तिचा नवरा, माझा मोठा दीर.

मी शेतात गेले. सुतळीनं बांबूला बांधलेली ती सीडी वाऱ्यावर फिरत होती. खाली काढली आणि डोळ्यासमोर धरली, तर पलीकडचं आभाळ दिसलं. उन्हानं तिचा रंगच पिऊन टाकला होता. जावेला दोष कसा देऊ? तिला काय माहीत होतं? मलाही नव्हतं. घरी प्लेअर बिघडला, दुसरा आणला नाही, मग ती वस्तू तिच्या लेखी चमकणारी चकती होती. आमच्या भागात कितीतरी शेतांत अशा चकत्या फिरताना दिसतात. त्यांच्यात कोणाकोणाचा आवाज असेल कोण जाणे.

दुकानदाराशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. बांगड्या घ्यायच्या असल्या तरी मी कोणाच्या तरी मागे उभी राहते. पण यांचे ते मासळीचे दिवस होते आणि मला थांबायचं नव्हतं. मी एकटीच बसमध्ये बसले. कारध्याचा पूल आला, खाली वैनगंगा दिसली आणि माझ्या मनात आलं की परत जावं. पण बस पुलावर थांबत नाही.

भंडाऱ्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढणाऱ्याचं एक दुकान होतं. पिकलेल्या मिशीचा माणूस. दुकानात दोन नवऱ्यांचे आणि एका नवरीचे मोठे फोटो. मी पिशवीतून आमची सीडी आणि जावेची सीडी काढून टेबलावर ठेवली. त्यानं जावेची उचलून दिव्यासमोर धरली आणि बाजूला ठेवली.

"काकू, ये तो गई. याच्यात आता काहीच नाही."

आमची त्यानं मशीनमध्ये घातली. पहिली गाणी वाजली. शेवटच्याला मशीन कण्हू लागलं. त्यानं ती काढून उलटी केली.

"वरून कोनं काही ठेवलं होतं का?"

मी म्हटलं, "बांगड्यांच्या डब्यात होती."

"तेच. लोकाइले वाटते, चमकते ते बाजू नाजूक. उलटं हाय. चमकते ते बाजू जाड प्लास्टिक. त्याच्यावर दाग पडला तर धुता येते. वरची बाजू पातळ, कागदावानी. गानं तिथं, वरच्या बाजूले चिकटून असते. तिथं ओरखडा गेला की गानं गेलं. अन पुसाचं असलं तर गोल नाही पुसाचं, मधून बाहेर पुसाचं. अन ऊन नाही, ओल नाही."

मी खाली मान घालून ऐकलं. एक शब्द विसरले नाही. त्यानं विचारलं, "दुसरी कॉपी हाय का कोनाकडे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अकरा होत्या.

पुढचे दोन महिने मी त्या सीड्यांच्या मागे फिरले. गाव उठलं तेव्हा घरं वेगवेगळ्या वस्त्यांत गेली होती. गाणाऱ्या बायांपैकी काही वारल्या, काही लेकींकडे राहायला गेल्या. ज्या बायांना मी वर्षानुवर्षं भेटले नव्हते, त्यांच्या दारात जाऊन उभी राहायचे आणि आधी पाणी मागायचे, म्हणजे बोलायला सुरुवात होईल. एकीकडे नातवानं सीडीला भोक पाडून गाडीचं चाक केलं होतं. एकीकडे टीव्हीवर सजवून ठेवली होती, खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर. एकीच्या सुनेनं ती पाणी प्यायच्या माठावर झाकण म्हणून ठेवलेली, वरचा पापुद्रा सुटून गेलेला. ती सून मला म्हणाली, "मावशी, एवढ्या दुरून तुम्ही झाकन पाहाले आल्या?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिनं चहा केल्याशिवाय सोडलं नाही. तिनं मग फोन करून दुसऱ्या बाईचा पत्ता काढून दिला. आधी मी एका दारात पाणी मागत होते, आता बाया मला पुढचं दार दाखवायला लागल्या.

सहा ठिकाणी गेले. सहाही सीड्या मेलेल्या.

सातवं घर आसगावचं. तिथे एक म्हातारी मावशी लेकीकडे राहते. जुन्या गावात रोवण्याच्या रांगेत ती सासूबाईंच्या शेजारी असायची. मला पाहून तिनं आधी सासूबाईंचं विचारलं.

"लकवा मारला म्हनते? बोलतच नाही? माय वो! चार बांध्या पलीकडे ऐकू जाये तिचा आवाज."

मी बांध्यांची नावं विचारली. ती म्हणाली, "मी झील धरो वो. नाव ते घेये. मले पयल्या दोन याद हाय, पुढचं तिले पुस."

"पुढचंच नाही येत त्याइले."

मग मी सीडीचं विचारलं. ती उठली, आतल्या खोलीत देवाच्या पाटापाशी गेली आणि खिळ्याला अडकवलेलं लाल कापड काढलं. उलगडलं. सीडीची चमकती बाजू सगळी लाल झाली होती. हळदीचे आणि कुंकवाचे थर, एकावर एक, वाळून टरफलासारखे.

"पोळ्याले, दिवाळीले लावतो," ती म्हणाली. "आमच्या घरी वाजवाचं मशीन कधी आलंच नाही. पन त्याच्यात आपला आवाज हाय ना वो? आवाजाले कुंकू नोको लावू?"

"या बाजूलेच कायले लावलं मावशी?"

"तोंड दिसते त्याच्यात. ज्या बाजूले तोंड दिसते तेच समोर असंन ना."

मी ती हातात घेतली, कडेनं धरली. उलटी करून पाहिली. वरची बाजू! तिथे एक डाग नाही, एक ओरखडा नाही. अंधाऱ्या कोरड्या खोलीत, कापडात, इतकी वर्षं. फक्त मधल्या भोकाजवळ खिळ्यानं एक बारीक चीर पडलेली. दुकानदाराचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं.

"मावशी, हे मले चार दिवस द्या."

"देवातली वस्तू हाय." तिनं लाल कापड माझ्या हातात दिलं. "तिच्यासाठी नेऊन राहिली म्हनून देतो. परत त्याच खिळ्यावर आनून अडकवजो."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भंडाऱ्यात. दुकानदारानं लाल कापड उघडलं आणि खुर्चीत मागे सरकला.

"काकू, हे सीडी हाय का पूजेचं ताट? माह्या मशीनमध्ये कुंकू सांडलं तर मशीन जाईन. घेऊन जा बापा."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तीही हसली. आधीची मी असते तर कापड गुंडाळून निघाले असते. पण सात घरं फिरून आले होते.

"तुमीच सांगतलं ना भाऊ," मी म्हटलं, "चमकते ते बाजू जाड असते, धुता येते म्हनून. कुंकू त्याच बाजूले हाय. वरच्या बाजूले कोनाचा हातही नाही लागला. पाहा. नळ कुठं हाय ते सांगा, मी धुऊन आनतो."

त्यानं बोटानं मागचं दार दाखवलं.

दुकानामागे नळ होता. मी सोबत जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला होता. आधी सीडी नुसतीच पाण्याच्या बारीक धारेखाली धरली. घाई केली नाही. टरफलं भिजली, सुटली, पाणी लाल वाहू लागलं. मग साबणाचा एक थेंब, आणि ओल्या कापडानं मधून बाहेर, मधून बाहेर. गोल एकदाही नाही. लालाच्या खालून हिरवट निळा रंग निघत गेला. शेवटी तिच्यात माझं तोंड दिसलं.

दुकानदारानं ती दिव्यासमोर धरली. आता तो हसत नव्हता. मशीनमध्ये घातली. मशीन थोडं फिरलं आणि सीडी बाहेर आली. पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

"नाही घेऊन राहिली, काकू."

टेबलाखाली कापड टाकून ठेवलेलं एक जुनं मशीन मला आधीच दिसलं होतं. मी म्हटलं, "ते?"

"ते जुनाट. फार हळू चालते."

"हळूच चालू द्या. मले शेवटच्या बसनं जाचं हाय."

गिऱ्हाइकं पुन्हा हसली, पण या वेळी ती माझ्या बाजूनं हसली. त्यानं जुन्या मशीनवरची धूळ फुंकली, तारा जोडल्या. सीडी आत गेली. बराच वेळ नुसता फिरण्याचा आवाज. पहिली दोन गाणी निघाली नाहीत, चिरेनं खाल्ली होती. पण ती दोन आमच्या सीडीत चांगली होती! तिसरं निघालं. चौथं. एकेक गाणं पडद्यावरच्या पट्टीत सरकत होतं आणि मी ती पट्टी भरताना पाहत होते. शेवटचं गाणं यायला दुपार कलली.

"लावू का?" त्यानं विचारलं.

सासूबाईंचा आवाज दुकानात भरला. तरणा, खणखणीत. मागे बायांची झील, चिखलातून पाय काढल्याचा आवाज, कुठेतरी बगळ्याचा. आंब्याची. बोडीकाठची. मोहाखालची. खोलगी. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"कवठीची!"

मी ओरडले की काय मला कळलं नाही, पण दुकानदार दचकला. कवठीची! पाचवी कवठीची! आणि मग सहावी, सातवी, एकामागून एक, कुठे ठेच नाही, घरघर नाही. शेवटपर्यंत.

दुकानदारानं डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "कितीक कॉप्या करू?" त्यानं विचारलं.

"सगळ्यात जास्त दिवस काय टिकते?"

"काहीच नाही टिकत काकू. सीडी नाही, पेनड्राइव्ह नाही, फोन नाही. म्हनून एकाच जागी नाही ठेवाचं. वेगवेगळ्या वस्तूंत, वेगवेगळ्या घरी. अन वर्षातून एकदा लावून पाहाचं. अडकलं तर दुसऱ्यावरून नवं करून घ्याचं."

हे मला लगेच समजलं. बियाण्याचा धान आम्ही असाच ठेवतो. एका घरी भिजला तर दुसऱ्या घरून येतो, आणि दरवर्षी पेरला नाही तर तो उगवत नाही. मी नव्या सीड्या करून घेतल्या, दोन पेनड्राइव्ह घेतले आणि माझ्या फोनमध्येही गाणी भरून घेतली. सीडीच्या वर नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या पेनानं, तेही मधल्या भोकाजवळ. हेही त्यानंच सांगितलं.

आधी आसगावला गेले. मावशीची सीडी खिळ्याला लावू दिली नाही, पाटावर आडवी ठेवली आणि फोनवर तिला तिचा आवाज ऐकवला. तिनं फोनलाच कुंकू लावलं. मी पुसलं नाही.

घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत बोटं मोजत होत्या. हे जाळं सुकवत होते. मी त्यांच्यापाशी बसले आणि गाणं लावलं. पहिल्या नावाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला ओठ हलले. आणि तिसऱ्याला, ज्यांच्या तोंडून तीन शब्दही सरळ निघत नव्हते त्या सासूबाई स्वतःच्या आवाजाबरोबर गायला लागल्या. आवाज फाटका होता, पण शब्द पूर्ण. खोलगी. कवठीची. पाचवं बोट मुडपलं. यांच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. डाव्या हाताची बोटं संपली तेव्हा त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझी बोटं मुडपायला लागल्या, सहावी, सातवी. शेवटची बांधी आली. गाणं संपलं.

"जमलं माय!" हे म्हणाले.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "नको, नको." माझ्या हाताचं एक बोट त्यांनी उभंच धरलं होतं. मग त्यांनी त्याच चालीत, गाण्याशिवाय, एकट्यानं आणखी एक नाव घेतलं. "चिमनकोन."

मी यांच्याकडे पाहिलं. हे कपाळावर हात मारून हसायला लागले. "हो गा! बोडीच्या कोपऱ्यातली, एवढीशी. त्या साली पऱ्हे सरले होते, रोवाले रोपच नव्हतं, ते रिकामीच राह्यली. रोवली नाही त्या बांधीचं नाव घेत नाही, म्हनून मायनं त्या दिवशी सोडली."

सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत थांबल्या होत्या. नाव घेऊन झालं होतं, आता झील यायला हवी होती. फोन गप्प होता. मागे म्हणणाऱ्या बाया कुठल्या कुठल्या गावी. तिथे मीच होते. मी झील धरली. पूर्ण, मोठ्यानं, जशी चिखलात उभं राहून धरतात तशी. सासूबाईंनी ते शेवटचं बोट मुडपलं आणि माझी मूठ आपल्या मुठीत धरली.

कुंपणाच्या पलीकडून जाऊ ओरडली, "कोन गाते वो? रेडिओ घेतला काय?"

"मी गाऊन राहिली!" मी म्हटलं. "या इकडे! तुमचाही आवाज हाय त्याच्यात!"

ती आली. भासरेही आले. सासूबाईंनी चिमनकोन पुन्हा म्हटलं, आम्ही दोघी जावांनी झील धरली आणि यांनी ते फोनमध्ये भरून घेतलं. आठवड्यानं भंडाऱ्याच्या दुकानात ते बांध्यांच्या गाण्याला शेवटी जोडून सगळ्या प्रती नव्या केल्या, आणि मी त्या घरोघरी नेऊन दिल्या. जावेची नवी सीडी तिनं धान साठवायच्या ढोलीमागे, अंधारात ठेवली आहे. रोवणा संपतो त्या दिवशी प्रत्येक घरानं आपली प्रत लावायची असं ठरलं. यंदा लावली. फोनवर एकेकीनं सांगितलं, "आमची वाजली. तुमची?" सगळ्यांची वाजली. त्या गाण्यात आता एकही बांधी रिकामी नाही.